येऊन राहिलो म्हणणारी मोटर

नागपूरच्या मनीषनगरातल्या एका चार मजली अपार्टमेंटात, तिसऱ्या मजल्यावर, ऋषिकेश लांजेवार नावाचा एक कामाचा माणूस राहतो. कामाचा म्हणजे सतत कामात असलेला. कोणाच्या कामी येणारा, असा अर्थ कृपा करून काढू नका. परदेशातल्या कुठल्याशा कंपनीसाठी तो घरी बसून प्रोग्राम लिहितो. त्याच्या खोलीचं दार बंद असलं की घरात कुकरची शिट्टीसुद्धा दबकत वाजते.

या माणसाचं चरित्र लिहायला फार कागद लागत नाही. दोन शब्दांत आटोपतं : "येऊन राहिलो." त्याचे वडील मनोहरराव गांधीबागेतल्या एका कापडाच्या ठोक दुकानात नोकरीला होते. दुपारी घरी यायचे, पाटावर बसायचे आणि हाक मारायचे, "ऋषी, जेवाले ये गा!" आतून आवाज यायचा, "येऊन राहिलो!" मनोहरराव जेवायचे, हात धुवायचे, एक डुलकी काढून पुन्हा दुकानात जायचे, आणि पोरगं आपलं येऊनच राहिलेलं असायचं. शाळेत प्रार्थना संपली तरी हा येऊन राहिलेला. सहलीची बस सुटली तरी येऊन राहिलेला. स्वतःच्या लग्नात अंतरपाट धरून भटजींचे हात भरून आले, तेव्हा नवरदेव आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून बसला होता. "ऑफिसचं अर्जंट आहे, येऊन राहिलो!" हार हातात धरून उभ्या असलेल्या मिनलनं हे वाक्य तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, आणि तिला ते गोड वाटलं. बिचारी!

बाकीच्या नागपुरात येऊन राहिलो म्हणजे माणूस निघाला आहे, पायात चप्पल घालतो आहे, फार तर चौकात पोचला आहे. ऋषिकेशच्या तोंडी त्याचा अर्थ एवढाच की, तुमचं ऐकलं, आता पुन्हा हाक मारू नका. मिनलला हा अर्थ लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात कळला. कूलरमधलं पाणी संपलं, खसची टट्टी, म्हणजे कूलरचा वाळ्याचा पडदा, कोरडी पडली, आतला पंप घरघरायला लागला, तरी साहेब येऊन राहिले होते. शेवटी तिनंच बादल्या आणून ओतल्या. थंड हवा लागली तशी ऋषिकेश म्हणाला, "पाहा, झालं नं आपोआप चालू."

आता मिनलबद्दल. बाई हुशार, बी.कॉम. झालेली, हाताला चव असलेली. तळमजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी गोपाळराव राहतात. त्यांच्या बायकोबरोबर, इंदूबाईंबरोबर, ती दरवर्षी गच्चीवर कुरड्या घालायची. घरापुरत्या आणि शेजारपाजारच्यांपुरत्या. यंदा महाल भागातल्या देवाजींनी, ज्यांचं पापड-लोणच्यांचं जुनं दुकान आहे, कोणाच्या तरी घरी त्या कुरड्या खाल्ल्या आणि निरोप पाठवला : घाणा करून नमुना आणा, पसंत पडला तर दरवर्षी तुमच्याच घेतो. मिनलनं तो निरोप इंदूबाईंना पुन्हा पुन्हा वाचून दाखवला. लग्न झाल्यापासून तिच्या नावानं घरात फक्त गॅसचं सिलिंडर यायचं. आता पाकिटावर तिचं नाव छापलं जाणार होतं. तिला हे किती हवं होतं ते तिनं कोणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखा माणूस येऊन राहिला होता. त्यानं एवढंच विचारलं, "तुझा टाइमपास कुठवर आला?"

ज्यांनी कधी कुरड्या घातल्या नाहीत त्यांना हा टाइमपास काय असतो ते सांगायला पाहिजे. गहू दिवसेंदिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, आंबूस वास सोसायचा. मग ते वाटायचे, चीक पिळून काढायचा, तो रात्रभर निवळू द्यायचा. सकाळी उठून कढईत शिजवायचा आणि ढवळता ढवळता खांदा निखळायची वेळ आली की गरम गरम सोऱ्यात भरून जुन्या साड्यांवर घालायचा. तेही ऊन डोक्यावर यायच्या आत. नंतर दोन दिवस नुसतं राखण करायचं. त्यात थेंबभर पाणी पडलं की सगळ्याचा लगदा.

आणि पाणी पडायची सोय गच्चीवर आधीच केलेली होती. टाकी काठोकाठ भरली की वरच्या पाइपातून थोडं पाणी सांडायचं, अगदी साड्या अंथरतात त्याच बाजूला. म्हणून वाळवणाच्या दिवशी टाकी भरायच्या आधीच मोटर बंद करायची, असा त्या सोसायटीचा जुना रिवाज होता. खालच्या खोलीत हिरवं आणि लाल अशी दोन बटणं होती. गोपाळराव हिरवं दाबून चालू करायचे, लाल दाबून बंद करायचे. कधीमधी पेपर वाचता वाचता विसरायचे, आणि मग इंदूबाई वरून असा काही आवाज द्यायच्या की मोटर घाबरून स्वतःच बंद होईल.

हे ऋषिकेशला पाहवलं नाही. अख्ख्या जगाचे प्रोग्राम आपण चालवायचे आणि आपल्याच बिल्डिंगची मोटर एका म्हाताऱ्यानं बोटानं चालवायची? त्यानं तळहाताएवढा एक कॉम्प्युटर आणला, मोटरच्या तारेत रिले, म्हणजे प्रोग्रामच्या हुकमानं उघडझाप करणारा एक स्विच, बसवला, टाकीत सेन्सर सोडला आणि पायथन नावाच्या भाषेत प्रोग्राम लिहिला. टाकी रिकामी झाली की मोटर चालू, भरली की बंद. लाल-हिरव्या बटणांची पेटी काढून भंगारात दिली. खोलीला कुलूप घातलं आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवली, कारण लोक अडाणी असतात, कशालाही हात लावतात. गोपाळरावांच्या फोनवर त्यानं 'बंद' असं एक बटण तेवढं काढून दिलं. ते दाबलं की प्रोग्रामला थांबायचा निरोप जायचा, आणि प्रोग्राम जे छापेल ते तिथंच स्क्रीनवर दिसायचं. सोसायटीनं शाल-नारळ देऊन त्याचा सत्कार केला. हे काम मात्र त्यानं वेळेत केलं होतं, कारण ते कोणी सांगितलेलं नव्हतं.

इथं थोडं शिकून घ्यावं लागेल, त्याला इलाज नाही. चालत्या प्रोग्रामला ऑपरेटिंग सिस्टिम मधूनमधून इशारे देते. त्यांना सिग्नल म्हणतात. एक इशारा असतो 'आवरा आता' असं सभ्यपणे सांगणारा. तो आला आणि प्रोग्रामनं काहीच तयारी ठेवली नसेल, तर तो जागच्या जागी मरतो, हातातलं काम हातातच. म्हणून पायथनबरोबर जी फुकटची हत्यारपेटी येते, जिला स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात, तिच्यात सिग्नल नावाचंच एक मॉड्यूल आहे. कोणता इशारा आला की काय करायचं ते त्यात लिहून ठेवता येतं. त्या लिहिण्याला हँडलर म्हणतात. शहाणा माणूस लिहितो : इशारा आला की त्याची नोंद घे, मोटर बंद कर, मग जा.

ऋषिकेशनं हँडलर लिहिला. त्यात एकच ओळ होती. इशारा आला की स्क्रीनवर छापायचं : "येऊन राहिलो."

आधी गंमत म्हणून लिहिलं होतं. मोटर बंद करायची ओळ नंतर टाकू म्हणाला. सोसायटीच्या ग्रुपवर त्याचा फोटो टाकला, लोकांनी हसून अंगठे दाखवले. आता या मॉड्यूलचा कायदा असा की, तुम्ही एकदा स्वतःचा हँडलर लावला की त्या इशाऱ्यानं मरणं बंद. जे लिहिलंय तेवढंच होणार. म्हणजे हा प्रोग्राम आता मरत नव्हता आणि थांबतही नव्हता, फक्त हो म्हणत होता. त्यात तो टाकी पाहायचा, थोडा झोपायचा, पुन्हा पाहायचा. पायथनच्या नव्या आवृत्त्यांत अशी सोय आहे की, झोपेत इशारा आला तर प्रोग्राम उठतो, हँडलर चालवतो आणि उरलेली झोप पूर्ण करतो. मिनलला हे कोणी समजावून सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, यात नवीन काय?

एक इशारा मात्र वेगळा असतो, नऊ नंबरचा. तो सभ्य नाही. तो प्रोग्रामला काही सांगतच नाही, सरळ संपवतो. त्याला हँडलर लावता येत नाही. ऋषिकेशनं लावून पाहिला तर पायथननं एरर फेकली. "नाही तं नाही," म्हणून त्यानं ती ओळ खोडली आणि विसरला.

मिनल मात्र विसरली नव्हती. गहू भिजत घातले त्या दिवशी ती म्हणाली, "अहो, ते बंदचं बटण एकदा दाबून पाहू नं. वाळवण घालायच्या आधी."

"येऊन राहिलो."

चीक निवळायला ठेवला त्या रात्री ती पुन्हा म्हणाली. तिनं मोठ्यानं सांगितलं, हळू सांगितलं, जेवणाच्या ताटावर सांगितलं. एकदा तर ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेऱ्यामागून हातवारे करून सांगितलं. दर वेळी उत्तर आलं, हसऱ्या चेहऱ्यानं. वाईट माणूस नव्हता हो. कधी आवाज चढवला नाही, कधी नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर तिनं दुसरा काही बंदोबस्त तरी केला असता.

शेवटी तो दिवस आला. आदल्या दिवशीच्या कुरड्या अर्ध्याअधिक वाळल्या होत्या, शेजारी नवा घाणा घातला होता. गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती आणि ऊन असं की चप्पल चिकटावी. गोपाळरावांनी खाली फोन काढून 'बंद' दाबलं. स्क्रीनवर आलं : येऊन राहिलो. त्यांनी पुन्हा दाबलं. येऊन राहिलो. "हा तं हुबेहूब बापावर गेला," ते इंदूबाईंना म्हणाले आणि हसले. थोड्या वेळानं स्क्रीनवर अक्षरं उमटली : बंद. त्यांनी मिनलला सांगितलं, "झाली वं पोरी बंद. जा तू बिनघोर." मिनल खडखडीत वाळलेल्या कुरड्या निवडून भरलेला नमुन्याचा डबा स्कूटीच्या डिकीत ठेवून महालात गेली.

झालं होतं असं : बटण दाबलं की त्या छोट्या कॉम्प्युटरचा कारभारी प्रोग्रामला आधी सभ्य इशारा देतो, थोडा वेळ वाट पाहतो, आणि तरी तो गेला नाही तर नऊ नंबर लावतो. त्यानं वाट पाहिली आणि नऊ नंबर लावला. प्रोग्राम मेला. मोटर बंद करायला कोणी उरलंच नाही. रिले जसा होता तसाच चिकटून राहिला. टाकी भरली का ते पाहणाराही मेला होता. बोअरची मोटर जमिनीत खोल, तिचा आवाज कोणाला येणार? गोपाळरावांच्या फोनवर 'बंद' असं लिहिलेलं होतं, ते प्रोग्राम बंद अशा अर्थानं, आणि पाणी वर चढत होतं.

दुपारी इंदूबाई कुरड्या उलटायला गच्चीवर गेल्या आणि दारातच ओरडल्या. पाइपातून पाणी थोडं नाही, धो धो पडत होतं. पहिली साडी तर बुडालीच होती. बाईंनी पदर खोचला, दुसरी साडी ओढायला लागल्या, पण ओल्या साडीचं वजन म्हातारीला झेपेना. त्यांनी ऋषिकेशला फोन लावला. "अरे बापा, मोटर चालू आहे! पाणी सांडून राहिलं! चावी घेऊन ये!"

"काकू, येऊन राहिलो."

ऋषिकेश त्या वेळी काय करत होता? कंपनीतल्या नव्या पोरांना व्हिडिओवर शिकवत होता. विषय होता, प्रोग्रामनं सिग्नल कसे हाताळावे. शप्पथ! "लक्षात ठेवा," तो सांगत होता, "सिग्नल आला म्हणजे कोणीतरी तुमच्यावर विश्वास ठेवून विनंती करतंय. तिचा मान राखा. हातातलं काम नीट ठेवा आणि थांबा." पोरांनी ते लिहून घेतलं. फोन पुन्हा वाजला, त्यानं आवाज बंद केला. गोपाळरावांनी येऊन दार वाजवलं, आतून आवाज आला, "येऊन राहिलो!" गोपाळरावांनी दोन्ही हातांनी दार वाजवलं. "येऊन राहिलो नं काका!"

गोपाळराव म्हाताऱ्या पायांनी जिने उतरले, गेटजवळचा सगळ्या बिल्डिंगचा मेन स्विच गाठला आणि खाली ओढला. मोटर थांबली. पंखे थांबले, कूलर थांबले, वाय-फाय गेलं. आणि तिसऱ्या मजल्याचं दार ताबडतोब उघडलं.

"लाइट काहून गेली?" ऋषिकेश विचारत होता.

मिनल आली तेव्हा तिच्या हातात संत्रा बर्फीचा पुडा होता. देवाजींनी कुरडी तिच्यासमोर तळून पाहिली होती, फुललेली पाहून मान डोलावली होती, आणि म्हणाले होते, ताई, माल आणून द्या, पाकिटावर काय नाव घालायचं तेही सांगा. हे सांगायला ती धावत गच्चीवर आली. इंदूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, कोपरापर्यंत चिकानं माखलेल्या. साड्यांवर पांढरा लगदा पसरला होता आणि उन्हात वरून वाळायला लागला होता. मिनलनं तो बोटानं उचलून पाहिला. तिला रडू आलं, आणि ती मनसोक्त रडली. इंदूबाईही रडल्या. गोपाळराव खराट्यानं पाणी लोटत राहिले, कारण दाबलेलं बटण त्यांचं होतं, आणि बिचारे स्वतःलाच दोष देत होते.

संध्याकाळपर्यंत ऋषिकेशनं चूक शोधून काढली होती. तो उत्साहानं स्वयंपाकघरात आला. चूक सापडली की त्याला आनंद व्हायचा, मग ती स्वतःची का असेना.

"मिनल, ऐक नं. प्रोग्रामची काही गलती नाही. त्याले मोटर बंद करायचा चान्सच भेटला नाही. सिस्टिमनं त्याले न सांगता डायरेक्ट नऊ नंबर मारला!"

मिनल कणीक मळत होती. "त्याच्या आधी सांगितलं नव्हतं का त्याले?"

"आधी... सांगितलं होतं. दोनदा."

"मग काय म्हणत होता तो?"

ऋषिकेश ओट्याला टेकला. "हो म्हणत होता."

"हं," मिनल म्हणाली आणि तवा गॅसवर ठेवला.

एवढ्यावर दुसरा कोणी असता तर त्याच्या डोक्यात उजेड पडला असता. ऋषिकेशच्याही पडला, पण तो प्रोग्रामपुरता. रविवारी बसून त्यानं हँडलर नव्यानं लिहिला. आता इशारा आला की एक खूण ठेवली जायची, झोप मोडायची, रिले सुटायचा, मोटर थांबायची आणि मग प्रोग्राम निरोप घ्यायचा. सगळ्या सोसायटीसमोर त्यानं गोपाळरावांना बटण दाबायला लावलं. पहिल्याच हाकेला मोटर बंद! लोकांनी टाळ्या वाजवल्या. गोपाळरावांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, त्यांनी सोसायटीच्या पैशानं लाल बटण परत बसवून घेतलं आणि खोलीची चावी इंदूबाईंच्या कमरेला गेली.

त्याच आठवड्यात मिनलनं दोन-तीन गोष्टी सांगितल्या. देवाजींनी थोडी मुदत दिली आहे. गव्हाचं पोतं आणायचं आहे, स्कूटीवर मावत नाही, गाडी घेऊन चला. मोठी कढई माळ्यावर आहे, माझा हात पुरत नाही. आणि एकदा, दाराच्या चौकटीत उभी राहून, काही काम नसताना, "जरा बाहेर बसता का? बोलायचं होतं." ऋषिकेशनं मान वळवून गोड हसून उत्तर दिलं. कोणतं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

त्यानंतर तिनं काही सांगितलं नाही. घरात भांडण नाही, आदळआपट नाही. ऋषिकेशला फार बरं वाटलं. कामात इतकी शांतता त्याला लग्न झाल्यापासून मिळाली नव्हती. मित्राला फोनवर म्हणाला, "आता समजदार झाली."

एका दुपारी तो मान खाली घालून टाइप करत होता. कूलर घरघरायला लागला, टट्टी कोरडी पडली होती. सवयीनं त्याच्या तोंडून गेलं, "येऊन राहिलो!"

मग त्याचं त्यालाच चमत्कारिक वाटलं. हाक कोणी मारलीच नव्हती. त्यानं कान दिला. कुकर नाही, टीव्ही नाही, गच्चीकडे जाणाऱ्या पायांचा आवाज नाही. तो उठला, बाहेर आला. ओट्यावर भाजी झाकलेली होती. माळ्यावरची कढई नव्हती. सोऱ्या नव्हता, जुन्या साड्यांचं गाठोडं नव्हतं. कपाटातली मिनलची बॅगही नव्हती. तो तिसऱ्या मजल्यावरून चक्क पळत खाली गेला. चपलेशिवाय.

इंदूबाईंचं दार बंद होतं. गोपाळराव बाहेर पेपर वाचत होते. "दोघी सकाळीच गेल्या," ते म्हणाले. "मिनलची मैत्रीण नाही का ते रोशनी, महालातली? तिच्या गच्चीवर घालून राहिल्या कुरड्या. तुले नाही माहीत?"

"मला सांगितलं नाही तिनं!"

गोपाळरावांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि पान उलटलं.

ऋषिकेशनं फोन लावला. बराच वाजला. उचलला तेव्हा मागं बायांचं हसणं ऐकू येत होतं, कोणीतरी "ढवळ वं, खाली लागते!" म्हणत होतं, आणि मिनलही हसत होती. ती अशी हसते हे त्याला आठवतच नव्हतं.

"मिनल, अगं बॅग काहून नेली? घरी कधी येतेस?"

"येऊन राहिली नं," मिनल अगदी गोड आवाजात म्हणाली आणि फोन ठेवला.

ऋषिकेश तिथंच पायरीवर बसला. या शब्दांचा अर्थ काय होतो, हे अख्ख्या नागपुरात त्याच्याइतकं पक्कं कोणालाच ठाऊक नव्हतं.